एआय वापरा, पण तपासून: खान्देशातल्या शेत, घर आणि दुकानासाठी सविस्तर मार्गदर्शन

व्हॉट्सॲप उघडल्यावर दिसणारं रंगीत वर्तुळ म्हणजे मेटा एआय. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण दाबून धरलं की बोलायला लागतं ते गूगलचं जेमिनी. आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआय कंपनीने खुलं केल्यापासून सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे चॅटजीपीटी. या तिघांनाही मराठीत विचारता येतं, ते मराठीत उत्तर देतात आणि साध्या वापराला पैसे लागत नाहीत. चोपडा असो, शिरपूर असो की शहादा, स्मार्टफोन आहे तिथे एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) पोहोचलं आहे. त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं आणि पीक, पैसा, अब्रू यांना त्यातून धोका कुठे होतो, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

कुठलंही काम एआयला सांगण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तर ते मला वेळेत कळेल का? आणि झालेलं नुकसान भरून निघेल का? पत्राचा मसुदा चुकला तर वाचतानाच कळतो, खोडता येतो. चुकीची फवारणी मात्र आठ-पंधरा दिवसांनी कळते, तोवर हंगाम पुढे सरकलेला असतो. पहिल्या जातीच्या कामात एआय मोकळेपणाने वापरा. दुसऱ्या जातीच्या कामात ते फक्त तयारीसाठी वापरा आणि निर्णय जाणत्या माणसाला विचारून घ्या.

आत काय चालतं

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव १९५६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या परिषदेपासून रूढ झालं. यूट्यूबने पुढचा व्हिडिओ सुचवणं, बँकेने संशयास्पद व्यवहार अडवणं, गॅलरीने एकाच माणसाचे फोटो वेगळे काढणं, हे सगळं एआयच आहे, आणि आपण ते बरीच वर्षं नकळत वापरतो आहोत. नवीन आहे ते भाषा तयार करणारं एआय. गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली, आजची बहुतेक चॅट साधनं तिच्यावर उभी आहेत.

ही यंत्रणा प्रचंड मजकूर वाचून एकच गोष्ट शिकते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कुठला तुकडा येण्याची शक्यता जास्त. तुकड्यामागून तुकडा जोडत ती उत्तर लिहिते. खरं काय हे तपासणारा वेगळा भाग तिच्यात मुळात नसतो. इंटरनेटवर शोधून उत्तर देण्याची सोय आता बहुतेक साधनांत आहे, तिने चुका कमी होतात, पण थांबत नाहीत. म्हणून माहिती नसली तरी उत्तर येतंच, आणि तेही तितक्याच ठाम सुरात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. त्यातल्या एका वकिलाने ‘हे खटले खरे आहेत का?’ असं एआयलाच विचारलं होतं, आणि एआयने हो म्हटलं होतं.

यातून वापराचा पहिला नियम निघतो: ‘नक्की ना?’ असं त्यालाच विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. तुम्ही शंका घेतली की ते बहुधा माफी मागून उत्तर बदलतं, आधीचं बरोबर असलं तरी. तपासणी नेहमी बाहेरून करायची: शासनाचं संकेतस्थळ, औषधाच्या डब्यावरचं लेबल, पाठ्यपुस्तक, कृषी सहायक, डॉक्टर.

मराठीची एक वेगळी अडचण आहे. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे, शिवाय देवनागरी शब्दांचे तुकडे जास्त पडतात. त्यामुळे मोफत वापराची मर्यादा मराठीत लवकर संपू शकते आणि तांत्रिक विषयात उत्तर पातळ येतं. उपाय साधा आहे, प्रश्नाच्या शेवटी लिहा: ‘इंग्रजीतली माहितीही विचारात घे, उत्तर सोप्या मराठीत दे.’

सुरुवात करताना

ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या आणि नावाखाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचा. चॅटजीपीटीखाली ओपनएआय, जेमिनीखाली गूगल असलं पाहिजे. मिळत्याजुळत्या चिन्हांची नकली ॲप भरपूर आहेत, ती दर आठवड्याला पैसे कापणारी वर्गणी गळ्यात मारतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून एआयचं ॲप कधीच घेऊ नका.

टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा, मग कीबोर्डवरच्या माइकवर बोट ठेवून बोला. बोललेलं अक्षरांत उतरलं की पाठवण्याआधी एकदा वाचा, कारण आकडे आणि औषधांची नावं हमखास बिघडतात. जेमिनी लाइव्हमध्ये मराठीत थेट बोलताही येतं, ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना ते सोयीचं आहे. धडगाव, मोलगीसारख्या सातपुड्यातल्या भागात नेटवर्क येतं-जातं. तिथे प्रश्न आधी नोट्समध्ये पूर्ण लिहून ठेवा, रेंज मिळाली की पाठवा, उत्तराचा स्क्रीनशॉट काढा. लिखित प्रश्नोत्तराला डेटा नगण्य लागतो, फोटो आणि आवाजाला जास्त.

आता सेटिंग. चॅटजीपीटीत ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन ‘इम्प्रूव्ह द मॉडेल’ हा पर्याय बंद केला तर तुमचं बोलणं पुढच्या प्रशिक्षणाला वापरलं जात नाही. जेमिनीत ‘ॲक्टिव्हिटी’ बंद करता येते. ती चालू असेल तर संभाषण साधारण १८ महिने साठवलं जातं, आणि त्यातला जो भाग माणसांनी तपासायला घेतला असेल तो तुम्ही पुसल्यावरही ३ वर्षांपर्यंत राहू शकतो. व्हॉट्सॲपवर दोन माणसांमधलं बोलणं कंपनीला वाचता येत नाही, पण मेटा एआयला पाठवलेला मजकूर कंपनीकडे जातो. ग्रुपमध्ये मेटा एआयला हाक मारून घरच्या गोष्टी विचारू नका.

प्रश्न कसा मांडायचा

‘कपाशी लाल पडली, औषध सांगा.’ असा प्रश्न टाकला की एआय पाच-सहा औषधांची यादी देतं आणि त्यातली निम्मी निरुपयोगी असतात. कारण कपाशी लाल पडायची कारणं वेगवेगळी आहेत. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी खालच्या जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग लाल होतो, शिरा हिरव्या राहतात. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा पिवळ्या-लाल होऊन वाकतात आणि पान उलटं केलं की तिरके चालणारे हिरवट किडे दिसतात. रात्रीचं तापमान अचानक उतरलं, नत्र कमी पडलं किंवा जमिनीत पाणी साचलं तरी लाली येते. हे तपशील तुम्ही दिले नाहीत तर एआयला अंदाजच करावा लागतो.

प्रश्न असा लिहा:

‘जळगाव जिल्हा, यावल तालुका. काळी भारी जमीन, ठिबक. बीटी कपाशी, पेरणी १० जून, आज ९५ दिवस. आठ दिवसांपासून खालची पानं लाल, शिरा हिरव्या, वरची पानं चांगली. पानामागे किडे दिसले नाहीत. मागच्या आठवड्यात दोन दिवस जोराचा पाऊस. आतापर्यंत दिलेली खतं आणि फवारण्या पुढीलप्रमाणे. लगेच औषध सुचवू नकोस. शक्य असलेली तीन कारणं सांग, प्रत्येक कारण ओळखायची शेतातली खूण सांग, आणि मी आणखी काय बघून येऊ ते विचार.’

यात जागा, पिकाचं वय, लक्षण आणि ते कधीपासून, काय केलं, आणि उत्तर कोणत्या रूपात हवं, अशा पाच गोष्टी आहेत. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. खुणा मागितल्या की उत्तर तुमच्या डोळ्यांनी तपासता येतं. औषध मागितलं तर ते फवारल्यावरच कळतं.

मात्रेचा हिशेब स्वतः करून बघा, एआय इथे फार चुकतं. एक टक्का द्रावण म्हणजे लिटरला १० ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का फवारायचं तर १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, २० लिटरच्या पंपाला २०० ग्रॅम. युरिया दोन टक्के म्हणजे १५ लिटरला ३०० ग्रॅम. एकर-हेक्टरची गल्लत तर नेहमीची: एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, त्यामुळे हेक्टरची मात्रा एकराला टाकली तर अडीचपट औषध पडतं. कीटकनाशकाच्या बाबतीत अंतिम शब्द डब्यावरच्या लेबलचा: त्या पिकासाठी शिफारस आहे का, मात्रा किती, काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही. दोन औषधं एका पंपात मिसळायची का, हे एआयला विचारून ठरवू नका. बंदी आलेलं किंवा परदेशात चालणारं औषधही ते सहज सुचवतं.

गुलाबी बोंडअळीसाठी एआयचा चांगला उपयोग नोंदी ठेवण्याला होतो. निरीक्षणासाठी एकरी दोन कामगंध सापळे (गंधाने पतंग ओढणारे) लावा, रोज सापडलेले पतंग मोजून आकडे त्याला द्या आणि तक्ता करायला सांगा. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग दिसले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर दोन किडलेली निघाली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं कृषी विद्यापीठं सांगतात. ही पातळी आधी तुम्ही एआयला सांगा, मग आकडे द्या. त्याच्यावर सोपवलं तर ते दुसऱ्या देशातली किंवा दुसऱ्याच अळीची पातळी उचलेल.

पानाचा फोटो

प्लँटिक्ससारखी ॲप किंवा जेमिनीला फोटो देऊन रोग विचारता येतो. चूक बहुतेक वेळा फोटोतच असते. सकाळच्या किंवा ढगाळ उजेडात काढा, भर दुपारी पानावर चकाकी येऊन रंग उडतो. चार फोटो द्या: अख्खं झाड, रोगट पान वरून, तेच पान खालून, आणि शेजारी ठेवून तुलना करता येईल असं निरोगी पान. फिल्टर, पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. फोटोसोबत पिकाचं नाव आणि वय लिहा.

केळीत याची परीक्षाच होते. रावेर-यावल पट्ट्यात कुकुंबर मोझॅक म्हणजे सीएमव्ही विषाणूने बागांचं मोठं नुकसान केलं आहे. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे येतात, पान आखडतं, पुढे पोंगा (झाडाचा मधला कोवळा गाभा) सडतो. फोटोवरून एआय याला कधी लोहाची कमतरता म्हणतं, कधी करपा, आणि बुरशीनाशक सुचवतं. विषाणूवर बुरशीनाशक चालत नाही. विषाणूग्रस्त झाड बरं होत नाही, ते मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करावं लागतं. रोग पसरवणाऱ्या माव्याचं नियंत्रण करावं लागतं आणि बागेत किंवा शेजारी काकडीवर्गीय पिकं घ्यायची नसतात. फोटोवरच्या निदानात विषाणूची शक्यता निघाली की जळगावचं केळी संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठा. इथे उशीर झाला तर शेजारच्या बागाही जातात.

आपल्याकडचे शब्द एआयला कळतीलच असं नाही. ‘कांदेबाग’ लिहिलं तर ते कांद्याच्या पिकाबद्दल बोलू लागतं. ‘ऑक्टोबरमध्ये लावलेली केळी’ असं लिहा. मृगबागेचंही (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचं) तसंच. अहिराणीत ‘मनी कपाशीना पानं लाल पडी ऱ्हायनात’ असं विचारलं तर अर्थ लागू शकतो, पण लांब प्रश्नात घोळ होतो, आणि आवाजातून विचारलं तर आणखी. अहिराणी, पावरी, भिली यांचा लिखित मजकूर इंटरनेटवर अगदी थोडा आहे. केंद्र सरकारची भाषिणी ही भाषांतराची यंत्रणाही मुख्यतः राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी आहे, आणि त्यात या बोली नाहीत. घरात अहिराणी बोलणाऱ्या आजीला एआयचं उत्तर सांगायचं असेल तर घरच्या पोराने ते वाचून आपल्या बोलीत सांगावं. एआयने केलेल्या अहिराणी भाषांतरावर औषधाची किंवा पैशाची गोष्ट सोडू नये.

शिळी माहिती

एआयची माहिती एका तारखेपर्यंतची असते. राज्यात एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपापासून होता, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरीप पिकांना विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत आहे. जुन्या माहितीवर चालणारं साधन आजही ‘एक रुपया भरा’ म्हणून सांगू शकतं. म्हणून योजना, अंतिम तारीख, अनुदान, शुल्क यांबद्दल विचारताना लिहा: ‘इंटरनेटवर शोधून सांग, माहिती कोणत्या तारखेची आहे ते दे, आणि शासनाच्या पानाची लिंक दे.’ मग ती लिंक उघडून स्वतः वाचा. लिंकही बनावट निघू शकते.

बाजारभाव त्याला विचारूच नका. केळीचा भाव रावेर, बऱ्हाणपूरला रोज ठरतो, कापसाचा तासातासाला हलतो. पीएम किसानच्या हप्त्यासाठी सरकारचाच किसान ई-मित्र हा चॅटबॉट आहे, आणि शेतीच्या प्रश्नासाठी माणसाशी बोलायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक.

अर्ज आणि पत्रं

एआयचा सगळ्यात निर्धोक आणि मोठा उपयोग इथे आहे. ज्याला काय हवं ते माहीत आहे पण लिहिता येत नाही, अशा माणसाच्या हातात यामुळे बळ येतं. फक्त नियम तुम्ही सांगायचे, भाषा त्याची.

माहिती अधिकाराचाच अर्ज घ्या. ‘माहितीचा अर्ज लिहून दे’ म्हटलं की एआय दीड पानाचं भाषण देतं, त्यात चार विषय आणि दोन आरोप असतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. नमुना ‘जोडपत्र अ’, शुल्क १० रुपये, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. म्हणून असं सांगा:

‘माहिती अधिकार कायदा २००५ खाली जनमाहिती अधिकारी, ग्रामपंचायत यांना अर्ज. विषय एकच: २०२४-२५ मधला गावातला अमुक रस्ता. मागायचं: मंजुरीचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दिलेल्या बिलांच्या प्रती. ‘का’ असे प्रश्न नकोत, फक्त कागदपत्रं माग. १२० शब्दांत. माझं नाव, पत्ता रिकामा ठेव.’

नाव-पत्ता नंतर हाताने भरा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, ती संपली किंवा उत्तर पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अपिलाचा मसुदाही असाच करून घेता येतो. मसुद्यात एआयने एखादं कलम किंवा निकाल घातला असेल आणि तुम्ही तो मूळ कायद्यात पाहिला नसेल, तर काढून टाका. त्याच्याशिवाय अर्ज अडत नाही, चुकीच्या कलमाने मात्र हसं होतं.

सरकारी पत्राची अवघड भाषा समजून घ्यायलाही हाच मार्ग: नाव, गट नंबर, खाते क्रमांक झाकून फोटो द्या आणि ‘मला काय करायचं आहे, किती दिवसांत, न केल्यास काय होईल, एवढंच सांग’ असं विचारा. जमिनीच्या वादात एआयवरून समजूत करून घ्या, सही मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

दुकान आणि बचत गट

केळी वेफर्स, पापड, कळण्याचं पीठ विकणाऱ्या गटाला जाहिरातीचा मजकूर, उधारीची आठवण देणारा सभ्य मेसेज, खर्चावरून किलोमागे भाव, हे सगळं एआय पटकन करतं. भाव काढताना कच्चा माल, तेल, गॅस, पाकीट, मजुरी, वाहतूक, नासाडी असे रकाने तुम्ही द्या आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर ताळून घ्या.

लेबलवर जपा. एआय पौष्टिकतेचा तक्ता बिनदिक्कत तयार करून देतं, पण ते आकडे तुमच्या वेफर्सचे नसतात. ते छापू नका. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक स्वतःच्या नोंदणीपत्रावरूनच उतरवा. ‘साखर नियंत्रणात ठेवणारे’, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ असले दावे एआय हौसेने घालतं, ते पुराव्याशिवाय छापणं बेकायदा आहे.

मुलांचा अभ्यास

चॅटजीपीटीसाठी किमान वय १३ आहे, आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. मुलाला उत्तर मागायची सवय लागली की लिहायचं राहून जातं, म्हणून क्रम उलटा करा. बालभारतीच्या धड्याच्या पानाचा फोटो देऊन लिहा: ‘या पानावरच्या मजकुरावरूनच मला दहा प्रश्न एकेक करून विचार. मी उत्तर दिल्यावर चूक दाखव, पण पूर्ण उत्तर सांगू नकोस.’ गणितात पायऱ्या मागा आणि शेवटचं उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळवा. मराठीच्या पेपरासाठी कवितेच्या ओळी, म्हणी, लेखकाची माहिती एआयकडून घेऊ नका, तिथे ते स्वतः रचलेल्या ओळी खऱ्या कवीच्या नावावर खपवतं.

आजारपण

तपासणीच्या अहवालातल्या शब्दांचा अर्थ, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी, इतकंच. गोळीची मात्रा, दोन औषधं एकत्र चालतील का, गरोदरपण, लहान मूल, यात एआय नको. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्या घरात दुखणं उठलं तर वेळ चॅटमध्ये घालवायचा नसतो. साप चावला तर १०८ ला फोन करा, चावलेला अवयव हलू देऊ नका, कापू नका, आवळून बांधू नका, आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. साप विषारी होता का हे फोटोवरून ओळखत बसू नका.

एआयला काय द्यायचं नाही

आधार, पॅन, पासबुक, सातबाऱ्यावरची नावं, ओटीपी, पिन, सहीचा फोटो, दुसऱ्याच्या आजाराचे कागद, गटातल्या बायकांची कर्जाची यादी. नावांच्या जागी क, ख, ग लिहा, उत्तर तितकंच चांगलं येतं. मुलींचे, लेकरांचे फोटो ‘साडीतला लूक’, ‘कार्टून’ करायला अनोळखी ॲपवर टाकू नका. चेहरा पासवर्डसारखा बदलता येत नाही.

आवाज, चेहरा आणि पैसा

काही सेकंदांच्या आवाजावरून तसाच आवाज आता तयार करता येतो. पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेल्या मुलाच्या आवाजात फोन येतो: अपघात झाला, पोलिसांनी पकडलं, या नंबरवर लगेच पैसे टाका, बाबांना सांगू नका. ‘लगेच’ आणि ‘कुणाला सांगू नका’ हे दोन शब्द एकत्र आले की फसवणूकच समजा. फोन ठेवा, मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा, लागला नाही तर त्याच्या खोलीतल्या मित्राला लावा. घरात आधीच एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, जो मेसेजमध्ये कधी लिहिलेला नाही आणि सोशल मीडियावर सापडणार नाही. वाढदिवस, गावाचं नाव, कुलदैवत असे शब्द नकोत.

व्हिडिओचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा बनावट व्हिडिओ फिरला, त्यांना स्वतः समोर येऊन तो खोटा असल्याचं सांगावं लागलं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन गुंतवणूक योजना सांगताहेत असे व्हिडिओही पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) सत्य तपासणी विभागाने खोटे ठरवले आहेत. ओठ जुळत नाहीत, बोटं सहा आहेत, अशा खुणा शोधण्यावर फार विसंबू नका, दर काही महिन्यांनी त्या कमी होत चालल्या आहेत. व्हिडिओ कसा दिसतो यापेक्षा तो कुठून आला ते बघा. खरी योजना असेल तर ती शासनाच्या संकेतस्थळावर सापडेल. सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी नसलेल्या कुणालाही गुंतवणुकीचा सल्ला विकायचा अधिकार नाही.

‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी, कोर्ट, शिक्का काहीही दिसलं तरी पोलीस फोनवरून अटक करत नाहीत आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाहीत. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावाने आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नका. एआयमुळे हे मेसेज आता शुद्ध मराठीत येतात, म्हणून भाषा चांगली आहे यावरून विश्वास ठेवायचे दिवस गेले.

फाइल उघडली गेलीच तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’मध्ये दिलेली परवानगी आधी काढावी लागते. नेटवर्क चालू केल्यावर कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते *#२१# लावून बघा, वळवलेले असतील तर ##००२# ने रद्द करा. महत्त्वाचं सगळं उतरवून फोन फॅक्टरी रीसेट करणं सर्वांत चांगलं, आणि पिन, पासवर्ड त्यानंतरच बदला.

पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, शक्य तितक्या लवकर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममध्ये जायच्या आत अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. हाताशी ठेवा: तुमचा खाते क्रमांक, रक्कम, वेळ, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता किंवा फोन नंबर. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि पोच क्रमांक लिहून घ्या. चॅट, कॉलची यादी, मेसेज काहीही पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलात आणि ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही नोंद घ्यावी लागते, ते शांतपणे सांगा.

फोटो बिघडवून धमकी आली तर

मुलीचा किंवा बाईचा चेहरा नग्न फोटोवर लावून पैसे मागण्याचे प्रकार एआयमुळे सोपे झाले आहेत. घरच्यांनी सगळ्यात आधी मुलीवरचा राग आणि तिचा फोन काढून घेणं टाळावं. त्या भीतीपोटीच मुली गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचं फावतं. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट घ्या, ज्यात समोरच्याच्या खात्याचं नाव, लिंक आणि वेळ दिसेल. नंतर ब्लॉक करा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. ज्या मंचावर फोटो आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. नग्न किंवा कृत्रिमरीत्या बदललेला फोटो काढून टाकायला २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर २४ तासांची कमाल मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती २ तासांवर आणली गेली. १८ वर्षांवरच्या व्यक्तीला ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि त्याखालच्या मुलांना ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरता येते. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो त्यांच्याकडे चढवला तर अडवला जातो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि जिवाला धोका वाटला तर थेट ११२.